कोयनेल

कोयनेल कुणी हौसेने लावत नाही. कुंपण हवं असतं, म्हणून ती लागते. बंगला असो, शाळा असो की सार्वजनिक बाग, लोक तिच्यावरून नजर टाकून आतले गुलाब बघतात. तिचं माहेर मात्र खाडीकाठचं. दाभोळपासून तेरेखोलपर्यंत, तिवरांच्या मागे, भरतीचं खारं पाणी पायाशी येतं तिथे ती माजते. पानं कडू, म्हणून शेळ्या तोंड लावत नाहीत. फळं हलकी, पाण्यावर तरंगत दुसऱ्या किनाऱ्याला लागतात.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तिच्या काड्या दाभोळहून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या आणि बदली होईल त्या गावी नेल्या. बदल्या तिच्याही झाल्या. लिनियसने १७५३ साली तिला व्होल्कामेरिया म्हणून नोंदवलं, पुढे ती क्लेरोडेंड्रममध्ये गेली, आणि २०१० साली पुन्हा मूळ खात्यात रुजू झाली. हे अण्णांना सांगायचं राहिलं. त्यांना स्वतःला दाभोळ पुन्हा मिळालं नाही.

पाऊस स्थिरावला की ते पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या दोन ओळींत खोचायचे. कातरताना कुंपण तळाशी रुंद, माथ्याला निमुळतं. "खालच्या पानांनाही ऊन लागतं. नाहीतर बुंधे उघडे पडतात," एवढंच बोलायचे.

ते गेले आणि कातर माळ्यावर गेली. पावसाळाभर शेंडे मोकाट वाढले. मग एका संध्याकाळी आमच्या पुण्याच्या घरच्या कुंपणावर फुलं दिसली : तीन-तीनच्या झुबक्यात, पांढरी, लांब देठासारख्या नळीची, बाहेर झेपावलेले जांभळट तांबडे केसर. मी कोयनेल अशी फुललेली कधी पाहिली नव्हती. फुलं नव्या शेंड्यांशी येतात, आणि अण्णांच्या कातरीतून शेंडा सुटत नसे.

आईला हाक मारली. तिला नवल वाटलं नाही. "खाडीवर अशीच असते," ती म्हणाली. "तिथे कोण कातरतंय?"

म्हणजे अण्णांना ही फुलं ठाऊक होती. दर बदलीच्या गावी, भाड्याच्या घरापुढे, आम्हाला आडोसा हवा म्हणून ते जाणूनबुजून कातरत राहिले. त्याविषयी चकार शब्द काढला नाही. मी मात्र त्यांना फुलांची आवड नाही असंच धरून चाललो होतो.

आता रस्त्याकडची बाजू मी कातरतो, तळाशी रुंद ठेवून. आतल्या बाजूला हात लावत नाही. कुंपण एका अंगाला कललेलं दिसतं, असं शेजारी म्हणतात. दिसतं खरं.