सहा पाहुणे आणि एक रविवार

आमच्या आजोबांच्या घरीं ओटीवर तीन तसबिरी असत. दोन देवांच्या आणि तिसरी रँग्लर परांजप्यांची. १८९९ सालीं केंब्रिज येथील गणिताच्या परीक्षेंत दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या बरोबरीनें पहिला आलेला हा कोंकणांतील तरुण त्या काळच्या प्रत्येक सुशिक्षित मराठी घरास आपलाच मुलगा वाटत असे. आजोबांस त्रैराशिकापलीकडे गणित येत नव्हतें. परंतु 'पहिला' या शब्दाचा अर्थ त्यांस पूर्णपणें कळत होता. पुढें १९०९ नंतर खुद्द केंब्रिजनेंच ही क्रमवारी जाहीर करण्याची चाल सोडून दिली, ही वार्ता मात्र आमच्या ओटीपर्यंत कधीं पोंचली नाहीं. तसबीर गेली, पण तिच्यामागची समजूत आमच्या घरांत अद्यापि टांगलेलीच आहे, याचा प्रत्यय आम्हांस गेल्या कोजागिरीस आला.

त्या रात्रीं धाकट्या बंधूंच्या गच्चीवर आम्ही मोठीं माणसें सहाच होतों. कांहीं एकमेकांच्या ओळखीचीं, कांहीं प्रथमच भेटलेलीं. दुधाचे पेले फिरवितां फिरवितां अकरावींत शिकणारी आमची पुतणी म्हणाली, "काका, सहा माणसें कोठेंहि जमूं द्या. त्यांत एक तर परस्परांस ओळखणारे तिघे निघतील, नाहीं तर परस्परांस अगदीं अनोळखी असे तिघे निघतील. कां, तें सांगा." आम्ही पाटबंधारे खात्यांत तीस वर्षें अभियंता म्हणून घालविलेले; तरीहि बोटें मोजूं लागलों. अखेर तिनेंच उलगडा केला. सहांपैकीं कोणीहि एक घ्या, समजा काका. उरलेल्या पांचांत निदान तिघे काकांच्या ओळखीचे असतील, अथवा निदान तिघे अनोळखी असतील. समजा, तिघे ओळखीचे आहेत. त्या तिघांपैकीं कोणाहि दोघांची आपसांत ओळख असली, तर ते दोघे आणि काका असें त्रिकूट झालें. कोणाचीच नसली, तर ते तिघेच अनोळखी त्रिकूट. काकांस अनोळखी तिघे निघाले, तर हाच विचार उलटा लावावयाचा. झालें! सूत्र नाहीं, आंकडेमोड नाहीं, नुसता विचार. आम्हांस दुधापेक्षां तें अधिक गोड लागलें.

परंतु बंधूंची मुद्रा प्रसन्न नव्हती. निरोपाच्या वेळीं ते आम्हांस बाजूस घेऊन म्हणाले, "दादा, तुम्हीच हिला समजवा. नोव्हेंबरांतल्या एका रविवारीं तिची ती ऑलिंपियाडची प्रादेशिक परीक्षा आहे, आणि त्याच दिवशीं क्लासची चांचणी. चांचणी चुकली तर वरची तुकडी सुटेल, असें क्लासवाल्यांनीं स्पष्ट सांगितलें आहे." दारांत उभी असलेली पुतणी म्हणाली, "काका सांगतील तें मी करीन." हा विश्वास आम्हांस फार जड गेला.

बंधूंची चिंता खोटी नव्हती. २०२४ सालीं जेईईच्या पहिल्या पायरीसाठीं चौदा लाखांहून अधिक मुलांनीं नांवें नोंदविलीं, आणि तेवीस आय. आय. टीं.मधील जागा होत्या अठरा हजारांच्या आंत. त्या पहिल्या पायरीवर तीन तासांत ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नास अडीच मिनिटेंहि येत नाहींत. आणि ऑलिंपियाडच्या प्रादेशिक परीक्षेंत तीन तासांत सहाच प्रश्न, एकेकास अर्धा तास. एका ठिकाणीं उत्तर तेवढें द्यावयाचें, दुसऱ्या ठिकाणीं तें कां खरें हें सिद्ध करून लिहावयाचें. दोन्ही तयाऱ्या एका वेळीं सर्वांसच झेपतात असें नाहीं. ऑलिंपियाडची वाट तर आणखीच अरुंद. आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९५९ सालीं रुमानियांत सुरू झाली, भारत तींत १९८९ पासून भाग घेऊं लागला, आणि १९९६ सालीं ती मुंबईंत भरली; परंतु साऱ्या देशांतून तिच्यासाठीं निवडावयाचे ते सहाच. चेन्नईची गणितसंस्था व कलकत्त्याची सांख्यिकी संस्था या मुलांचा प्रवेशाच्या वेळीं पूर्वीपासून विचार करतात. अलीकडे कांहीं आय. आय. टीं.नींहि थोड्या जागा या वाटेनें येणारांसाठीं ठेविल्या आहेत. पण या थोड्या जागांवर कोणता बाप आपल्या मुलीचीं दोन वर्षें पणास लावील?

हा हिशेब आम्हीं स्वतः पूर्वीं एकदां मांडला होता. आमचा मुलगा अकरावींत असतांना अशाच गणितांच्या एका पुस्तकांत रात्र रात्र बुडून जाई. आम्हीं तें पुस्तक उचललें आणि कपाटांत ठेवून कुलूप लाविलें. मुलगा अभियंता झाला, परदेशीं उत्तम नोकरीवर आहे, आणि आमचा हिशेब बरोबर ठरला असें आम्ही चारचौघांत सांगतहि आलों. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्यास फोन केला आणि पुस्तकाची आठवण काढली. तो हंसून म्हणाला, "बाबा, किल्ली कोठें असे तें मला ठाऊक होतें. बारावीनंतर मीं कपाट उघडलें होतें. पण तोंवर त्या गणितांची गोडीच राहिली नव्हती. जाऊं द्या, तुमचा दोष नाहीं." इतकें बोलून त्यानें विषय बदलला. आमच्या मंडळींनीं "काय म्हणाला?" असें विचारलें, तेव्हां आम्हांस चटकन् उत्तर देतां आलें नाहीं.

पुतणीचें सहा माणसांचें कोडें हंगेरींतील एका जुन्या स्पर्धेंत १९४७ सालीं विचारलें गेलें होतें. ती स्पर्धा १८९४ पासूनची. शाळा नुकतीच संपविलेल्या मुलांसाठीं, आणि तींत पुस्तकें जवळ बाळगण्याची मुभा असे, कारण उत्तर पुस्तकांत सांपडण्याजोगें नसेच. १८९८ सालीं ती थिओडोर फॉन कार्मान यानें जिंकली. लहानपणीं हा मुलगा मोठमोठे गुणाकार तोंडीं करी, तेव्हां तो केवळ तमाशाचा विषय होईल या भयानें त्याच्या वडिलांनीं त्याला गणितापासून दूर करून भूगोल व इतिहास हातीं दिला. तरी गणित त्याजकडे परत आलें. आणि पुढें तो गणिती म्हणून बसून न राहतां बुडापेस्ट येथें १९०२ सालीं यंत्रशास्त्राचा पदवीधर झाला, व विमानविद्येंतील अग्रगण्य पुरुष ठरला. बापानें मोडलेली गोडी सर्वांचीच परत येते असें नाहीं, हें मात्र आम्ही आतां जाणून आहों.

आमच्या नोकरींत एका पावसाळ्यांत कालव्याची भिंत खचूं लागली होती. त्या रात्रीं चार उत्तरांपैकीं एक निवडा, असें आम्हांस कोणी म्हटलें नाहीं. अर्थात् सबंध दिवस विचार करीत बसण्याची सवडहि कोणीं दिली नाहीं! म्हणून क्लासची घाई निव्वळ निरर्थक, असें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. परंतु घाई शिकविणारे जगांत पुष्कळ भेटतात. न सुटणाऱ्या प्रश्नाजवळ शांतपणें बसावयास शिकविणारा क्वचित्.

आम्हीं बंधूंस सांगितलें, "तिला त्या रविवारीं जाऊं दे. कमीअधिक झालें तर बोल मजकडे." ते कांहीं बोलले नाहींत.

पुतणी परीक्षेस गेली. दोन प्रश्न पुरे सुटले, तिसरा अर्धा राहिला. पुढील फेरीसाठीं तिची निवड झाली नाहीं. क्लासनें बोलल्याप्रमाणें तिला खालच्या तुकडींत घातलें. पुढच्या वर्षीं जेईईंत चार गुणांनीं जागा हुकली तर बंधूंस काय तोंड दाखवावें, हा विचार आमच्या मनांतून गेलेला नाहीं. आम्हीं दुसऱ्याच्या मुलीवर आपल्या चुकीचें प्रायश्चित्त तर घेतलें नाहींना, हीहि शंका कधीं कधीं येते.

परीक्षेनंतर आठ दिवसांनीं रात्रीं साडेदहास बंधूंचा फोन आला. आम्ही धसकलोंच. ते म्हणाले, "दादा, झोपलां नाहीं ना? त्या सहा पाहुण्यांच्या गणितांत पांचांपैकीं निदान तिघे एका बाजूस येणारच, हें कशावरून? पोरगी म्हणते, तुमचें तुम्ही शोधा."

आम्हीं उत्तर सांगितलें नाहीं.