पर्याय

मराठीच्या अध्यापनात आमची तीस वर्षे जळगावात गेली. या काळात 'पर्याय' हा शब्द आम्ही प्रामुख्याने दोन ठिकाणी वापरला. एक वर्गात, समानार्थी शब्द सांगताना. दुसरा, बारावीच्या निकालानंतर सल्ला मागायला येणाऱ्यांसमोर. या शब्दाला तिसराही एक अर्थ आहे, आणि तो पहिल्या दोहोंची झडती घेतो, हे आम्हांस आमच्या भाचीकडून कळले.

भाची धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकते. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी ती आमच्याकडे आली ती नकाशे घेऊनच. ढगांतून, बाहेरचे काही दिसत नसताना, केवळ उपकरणांवर विसंबून करावयाच्या उड्डाणाचा आराखडा तिला सरावासाठी कागदावर मांडायचा होता. मुंबईहून निघायचे, जळगावला उतरायचे. अशा आराखड्यात गंतव्यस्थानाशेजारी आणखी एक रकाना असतो: तेथे उतरता आले नाही तर जायचे कोठे? तिने तेथे 'धुळे' लिहिले होते आणि तिच्या प्रशिक्षकांनी त्यावर लाल रेघ ओढली होती.

आम्हांला ती रेघ अन्यायाची वाटली. जळगावहून धुळे नव्वदएक किलोमीटर. वाटेत पारोळ्याला चहा घेतला तरी माणूस दोन-अडीच तासांत पोचतो. याहून सोयीचे ते काय?

"मामा, जवळ आहे म्हणूनच नको," ती म्हणाली. पर्यायी विमानतळावरही ढगांतून खाली आणणारी रीतसर ठरवून दिलेली पद्धत हवी, हवामानाचा अंदाज मिळायला हवा. गोंदूरची धावपट्टी शिकाऊंची, डोळ्यांनी पाहून उतरण्याची. पण ती सोय असती तरी एक अडचण उरतेच. जळगाव आणि धुळे, दोन्ही तापीच्याच खोऱ्यात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-गाळण्याचे डोंगर. ज्या ढगाने जळगाव झाकले, तोच धुळेही झाकून बसण्याचा संभव मोठा. म्हणून पर्याय घाटापलीकडे शोधायचा. तिने मग औरंगाबादचे चिकलठाणा लिहिले. ते जळगावच्या दुपटीहून अधिक उंचीवर, पठारावर आहे. तेही बंद असेल असे दिसले, तर सातपुडा, नर्मदा ओलांडून इंदूर.

पुढे तिने इंधनाचा हिशेब मांडला. गंतव्यापर्यंतचे इंधन, वाटेतल्या अनपेक्षित खर्चासाठी थोडे, तेथून पर्यायापर्यंतचे, आणि त्यानंतरही पिस्टन इंजिनाचे विमान ४५ मिनिटे हवेत राहील इतके. हे सारे जमिनीवर असतानाच टाकीत भरायचे. अमेरिकेत तर असा नियम आहे, की पोचण्याच्या वेळेच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत ढगांचा तळ किमान २००० फूट आणि दृश्यता किमान ३ मैल राहील असा अंदाज नसेल, तर पर्यायाचे नाव लिहिल्यावाचून हे उड्डाण योजताच येत नाही. नाव लिहिणे म्हणजे अपयशाची कबुली नव्हे. शांत डोक्याने घ्यायचा निर्णय ढगांत शिरण्याआधी घेऊन ठेवणे, एवढेच.

ती लिहीत होती आणि आम्हांला आमची एक विद्यार्थिनी आठवत होती. तिला पुण्याला जाऊन मराठीत एम.ए. करायचे होते, पुढे प्राध्यापक व्हायचे होते. तिचे निबंध वाचून आम्ही वर्गात वाचून दाखवीत असू. तरीही सल्ला मागायला आली तेव्हा आम्ही म्हणालो, "आधी इथेच डी.एड. करून घे. पर्याय हाताशी असलेला बरा." तिने ऐकले. २०१२ साली राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली. प्राध्यापकांच्या जागाही वर्षानुवर्षे रिक्तच राहताना आम्ही पाहत होतो. तिचे गंतव्य आणि आम्ही सुचवलेला पर्याय एकाच खोऱ्यात होते, एकाच ढगाखाली. शिवाय पुण्याला जाण्यासाठी घरच्यांनी साठवलेले पैसे त्या डी.एड.मध्येच संपले होते. काही वर्षांनी ती बसस्थानकावर भेटली. शिकवण्या घेते म्हणाली. तक्रारीचा एक शब्द नाही; आम्हांला वाकून नमस्कार केला. तो नमस्कार आम्हांला अजून पेलत नाही.

चूक कोठून आली असेल याचा विचार करताना पुन्हा शब्दापाशीच येतो. अमरकोशाच्या परंपरेत पर्यायशब्द म्हणजे त्याच अर्थाच्या घरातला दुसरा शब्द. जितका निकट तितका चांगला. कोशातला हा गुण आम्ही आयुष्याला लावला. डॉक्टरकी नाही तर औषधनिर्माण, प्राध्यापकी नाही तर मास्तरकी. पर्याय शोधताना आम्ही समानार्थी शब्दच देत राहिलो. ज्या कारणाने पहिले दार बंद होईल त्याच कारणाने दुसरेही होईल का, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही.

संध्याकाळी भाचीच्या वडिलांचा फोन आला. शेतावर कर्ज काढून ते तिला शिकवीत आहेत. "हे विमानाचं नाही जमलं तर? बी.एड. करून ठेवायला सांगा तिला, तुमचं ऐकते ती." आमच्या तोंडी नेहमीचे उत्तर आले होते, ते गिळले. फोन तिच्याच हाती दिला.

"बाबा, कर्जाचा शेवटचा हप्ता मी उचलणार नाही," ती सांगत होती. "तो राहू द्या. कुठे जायचं ते ठरवते, पण तिथवर पोचण्यापुरतं आधी बाजूला काढते."

बाहेर पाऊस लागून राहिला होता. सातपुडा दिसत नव्हता.