परत सांगा ना, मॅडम!

परिपाठाला ब्लूटूथ स्पीकरवर गाणं आपण बरेचजण लावतो. मोबाईल आपल्या हातात, स्पीकर खिडकीत आणि मध्ये पोरांची गर्दी. शिवाय वायफायही त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. एवढ्या गोंधळात गाणं नीट पोचतं कसं?

ब्लूटूथ माहिती ० आणि १ च्या रूपात, छोट्या पाकिटांतून पाठवतं. पाकिटावर पत्त्यासारखा १८ बिटांचा मथळा असतो. तोच चुकला तर पाकीट वाया! म्हणून क्लासिक ब्लूटूथमध्ये मथळ्याचं प्रत्येक बिट तीनदा जातं, १८ चे ५४ होतात. तिघांत दोन सारखे आले की तेच खरं धरायचं.

चौथीत आम्ही हे चिठ्ठ्यांवर खेळलो. मध्ये एक खोडकर बसवला, त्याने तिनातला एक अंक बदलायचा. तरी निरोप बरोबर निघाला! तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्याने दोन बदलले तर?"

तर चुकीचंच उत्तर खरं वाटणार. त्यासाठी पाकिटातल्या माहितीला बहुतेक वेळा तपासणीचे १६ बिट जोडलेले असतात. हिशोब जुळला नाही तर 'मिळालं' अशी पोच जात नाही आणि तेच पाकीट पुन्हा येतं. आम्ही चिठ्ठीखाली अंकांची बेरीज लिहिली. (काही पाकिटांत १० बिटांमागे ५ जादा बिटं असतात, त्यांवरून एक चूक शोधून दुरुस्तही होते. ही हॅमिंग यांची १९५० सालची युक्ती. चौथीला ते सांगत बसले नाही.)

त्या मुलीला एका कानाने कमी ऐकू येतं. श्रुतलेखनात ती कधीच 'परत सांगा' म्हणायची नाही, बाकीचे हसतात ना! जागा मोकळ्या सोडून वही द्यायची आणि मार्क जायचे शुद्धलेखनाचे.

आता मी प्रत्येक वाक्यानंतर त्यात शब्द किती, तेही सांगते. मुलं मोजतात, ज्याचा आकडा जुळत नाही तो हात वर करतो. पहिल्याच दिवशी अकरा हात वर आले. त्यात एक तिचा होता.

पालकांनो, दुकानातून सामान आणायला सांगताना शेवटी 'पाच वस्तू आहेत हं' असं सांगून बघा. शिक्षकांनो, वर्गात मात्र जोडशब्द एक धरायचा की दोन यावरून भांडणं होतात, तेवढं आधीच ठरवून घ्या.