शिवणीतली माया



उपासनेआधी फुलं लावणं, नंतर बाकं आवरणं ही आम्हा भगिनींची नेहमीची सेवा. लग्नसराई आली की त्यात आणखी एका कामाची भर पडते, वधूचा गाऊन अंगाबरोबर करून देणं. बेळगावात गाऊन विकत मिळतात, भाड्यानेही मिळतात. पण या वेळी आलेला गाऊन मुलीच्या आईचा होता, १९९४ सालचा. आई तीन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेली. मुलीला तोच घालून वेदीसमोर उभं राहायचं आहे, आणि तो तिला अडीच इंच कमी पडत होता.

पोरीने स्वतःच उपाय काढला होता, रात्रीचं जेवण बंद! आमच्यातल्या वडील मावशींनी माप घेता घेता तिचं मनगट धरलं. "बाळ, कापड उसवता येतं. तू स्वतःला कशाला उसवतेस?" त्या दिवशी आधी तिला आमटी-भात वाढला, मग टेप काढली.

(पांढरा गाऊन हा काही शास्त्रातला नियम नव्हे. १८४० साली व्हिक्टोरिया राणीने लग्नात पांढरं सॅटिन नेसलं, तेव्हापासून ही चाल जोर धरत गेली. आपल्या कितीतरी आज्या पांढऱ्या साडीवर व्हेल घेऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांचे संसार काही कमी पडले नाहीत.)

खरी अडचण वडिलांची होती. गाऊन त्यांनी ट्रंकेत जपलेला. "कात्री तेवढी लावू नका," एवढंच म्हणत ते दारातच उभे. आम्ही कोणी वाद घातला नाही. मावशींनी प्रेषितांची कृत्ये ९ मधल्या तबीथेची आठवण काढली. यापोत ती वारली तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला दाखवलं ते काय, तर तिने शिवलेले कपडे. मग मावशींनी गाऊन उलटा करून आतली शिवण त्यांच्यासमोर धरली. बेतताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला आपण 'माया' म्हणतो. ती अर्धा इंच होती. भाऊ बराच वेळ बोटाने ती शिवण चाचपत राहिले. शेवटी पहिली टीप त्यांनीच उसवली, कात्रीने नव्हे, सुईने.

अर्ध्या इंचातला पाव इंच सोडला. दोन बाजूच्या शिवणी, प्रत्येकीच्या दोन कडा, म्हणजे एक इंच मिळाला. उरला दीड. त्यासाठी पाठीची चेन काढून दोन्हीकडे कापडी लूप लावले, त्यातून रिबन ओवली आणि मागे सॅटिनची पट्टी दिली. पट्टीचं सुती अस्तर मात्र आदल्या रात्री भिजवून, वाळवून घेतलं. कोऱ्या कापडाचं ठिगळ आटतं आणि जुनं फाडतं, हे मार्क २:२१ वाचणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

सॅटिन मोठं हट्टी. जुन्या सुईची भोकं दिसत राहतात, टाचणीही शिवणीच्या आतच लावावी लागते. आणि आत दडलेली माया बाहेर आली ती अजून पांढरीशुभ्र, बाकीचा गाऊन सायीच्या रंगाचा! दोन्ही बाजूंना लख्ख रेघ उमटली. धुऊन रंग एक करावा असं काहींचं मत पडलं, पण जुन्या कापडाशी तो खेळ नको वाटला. मागच्या लांब घेरातली लेसची फुलं अलगद सोडवून त्या रेघांवर हाताने टाकली. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. इस्त्री उलट्या बाजूने, वर मलमल घालून.

उरलेली पाव इंच माया आम्ही छाटलेली नाही. आत पलटवून कच्च्या टाक्याने बसवली आहे. शेवटची फिटिंग लग्नाच्या आदल्या आठवड्यात. त्या दिवशी लग्नातल्याच सँडल घालून ये, असं मुलीला बजावलं आहे. त्याशिवाय घेराची उंची ठरत नाही. आणि जेवून ये, असंही.