डब्यातला रंगारी

स्प्रे रंगाच्या डब्याची ओळख आवाजाने होते. हलवला की आतली गोळी खडखडते. आधी ती वाजतच नाही, तळाशी बसलेल्या रंगात रुतलेली असते. सुटून मोकळी वाजू लागली की लोकांना वाटतं, झालं. खरं हलवणं तिथून पुढे, निदान दोन मिनिटं.

घराणं फार जुनं नाही. 1949 साली अमेरिकेत, इलिनॉयमधल्या सिकॅमोर गावी, एडवर्ड सीमोर या रंगवाल्याला रेडिएटरसाठीचा आपला ॲल्युमिनियम रंग गिऱ्हाइकांना दाखवायचा होता. डब्यातूनच फवारून दाखव, असं बायकोने, बॉनीने, सुचवलं. मोटारीशी सोयरीक पुढची.

स्वभावाने मात्र हा हट्टी. सलगी खपत नाही. पत्र्यापासून एक वीत लांब राहायचं. जवळ गेलात की ओघळ, लांब गेलात की रंग हवेतच सुकून खरखरीत भुकटी. बोट दाबायचं ते बंपरच्या कडेबाहेर आणि उचलायचं पलीकडच्या कडेबाहेर. पहिल्या हातानंतर खालचा प्रायमर दिसलाच पाहिजे. दहा मिनिटं थांबून दुसरा हात, मग तिसरा. या दहा मिनिटांतच माणसं बिघडतात. एक कोपरा फिका वाटतो, बोट शिवशिवतं.

ओघळ लगेच दिसत नाही, हीच त्याची खोडी. आरशाचं कव्हर छान चकाकत असतं. मग खालच्या कडेला रंग किंचित जाड होतो, फुगतो आणि सावकाश घसरू लागतो. तेव्हा बोट लावू नये, फडकं तर मुळीच नाही. नीट वाळू द्यायचा, 800 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून तेवढाच भाग सपाट करायचा आणि पुन्हा हात मारायचा.

फार वेळ सलग राबवलं तर गारठतो. आतला द्रवरूप वायू उकळून बाहेर पडताना डब्याचीच उष्णता घेतो, दाब उतरतो आणि बारीक फवाऱ्याऐवजी तो थुंकायला लागतो. कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला की ताळ्यावर येतो. कोमट म्हणजे कोमटच. 50 अंशांच्या पुढे तो तापवू नये, असं त्याच्या अंगावरच छापलेलं असतं. तरी लोक त्याला मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवतात.

पावसाळ्याशी तर उभा दावा. मुंबईच्या किंवा कोकणच्या जुलैत लॅकर मारा, थिनर उडताना पत्रा थंड पडतो, हवेतला दमटपणा ओल्या थरावर बसतो आणि चकाकीवर दुधी साय धरते. त्या दिवसांत गणपतीनंतरचं ऊन येईपर्यंत बंपर तसाच खरचटलेला बरा.

रंगाचा नंबर दाराच्या खांबावरच्या पट्टीवरून तंतोतंत घेतला, तरी चंदेरी गाडीवर तो फसवतो. ॲल्युमिनियमचे कण ओल्या थरात एका तऱ्हेने निजतात, कोरड्यात दुसऱ्या, आणि गाडीचा मूळ रंग उन्हाने उतरलेला असतो तो वेगळाच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आरशाचं कव्हर, बंपरचा कोपरा, दाराचं हँडल याला द्यावं. बॉनेट मागेल त्याला देऊ नये. एवढ्या सपाट पत्र्यावर प्रत्येक फेरीचा पट्टा उमटतो आणि मग शेवटी गॅरेजचा बूथच गाठावा लागतो. पेट्रोलच्या झाकणापासूनही याला लांब ठेवावं. साध्या डब्यातल्या लॅकरला पेट्रोल लागलं की ते मऊ पडतं. हार्डनरवाला डबा टिकतो, पण त्याची वाफ फुप्फुसांना भोवते. त्याला नाकावरचा रुमाल पुरत नाही, काडतुसाचा मास्कच हवा.

काम संपलं की साधा डबा उलटा धरून, नुसता वायू येईपर्यंत दाबायचं, म्हणजे नोझल साफ राहतं. हे केलं तर उरलेला रंग वाया जात नाही. गेटची कडी, मुलांच्या सायकलचं मडगार्ड, गॅलरीतलं कुंडीचं स्टँड, सगळं हळूहळू गाडीच्या रंगाचं होत जातं.