गन्स एन रोझेस आणि दादांचा मृदंग

"बाबा, सतरा मे मोकळी ठेवा. गन्स एन रोझेस मुंबईत येताहेत. मी दोन तिकिटं काढली आहेत."

लेकीचा ठाण्याहून फोन आला तेव्हा मी आदिलाबादच्या आमच्या बी-बियाण्यांच्या दुकानात बसलो होतो. मे महिना, खरिपाचा सीझन तोंडावर, आणि माझं वय त्रेपन्न. मी "बघू" म्हणालो. मग तिकिटाची किंमत विचारली. ती ऐकून झाल्यावर, आईला हा आकडा सांगायचा नाही, असं आम्हा दोघांत ठरलं. म्हणजे जायचंही ठरलंच!

या वेडाची सुरुवात १९९१ सालची. मी नागपूरला कॉलेजात होतो. १९८५ साली लॉस एंजेलिसला सुरू झालेला हा बँड आमच्या होस्टेलवर दिवसरात्र वाजायचा. १९८७चा 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' पाठ झाला होता, आणि त्या सप्टेंबरात 'यूज युवर इल्यूजन'चे दोन अल्बम एकाच दिवशी आले. शब्द निम्मेअधिक कळत नसत. पण ॲक्सल रोझचा आवाज तळातून निघून किंचाळीपर्यंत चढायचा आणि त्याच्या मागोमाग स्लॅशची गिटार निघायची, तेव्हा अंगावर काटा यायचा.

दिवाळीच्या सुट्टीत मित्राची कॅसेट उसनी घेऊन घरी आलो. शेजाऱ्यांकडे दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर होता, पण माझ्याकडे कोरी कॅसेट नव्हती. कपाटात दादांची एक होती. दादा म्हणजे माझे वडील, मराठी शाळेतले मास्तर आणि आमच्या भजनी मंडळाचे मृदंगवादक. त्या कॅसेटवर सप्ताहातलं भजन होतं, दादांच्या ऐन भरातल्या हाताचं. पुसलं जाऊ नये म्हणून तिच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे तुकडे त्यांनी तोडून ठेवले होते. मी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि दोन्ही बाजूंवर गन्स एन रोझेस भरलं.

त्यावर काय आहे ते मला माहीत होतं. सप्ताह दरवर्षी होतो, पुन्हा भरता येईल, असं वाटलं. पुन्हा कुणी भरलंच नाही. दादांनी एकदा विचारलं, "ती कॅसेट दिसली का रे?" मी म्हणालो, "असेल कुठंतरी." त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

दादा आता ब्याऐंशीचे आहेत. बोटांचे सांधे आखडले आहेत. तीन वर्षांपूर्वी एका एकादशीला त्यांचा हात दोनदा चुकला. घरी आल्यावर त्यांनी मृदंगाला धोतराचा तुकडा गुंडाळला आणि तो कपाटावर ठेवून दिला. "हात बेताल झाला की माणसानं मान राखून उठावं," एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते भजनात मागे भिंतीला टेकून बसतात.

तर मी नंदीग्राम एक्सप्रेसनं निघालो. किनवट आलं की राज्य बदलतं आणि मग रात्रभर महाराष्ट्रच महाराष्ट्र. सकाळी ठाण्याला लेक घ्यायला आली होती. संध्याकाळी दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरलो. रेसकोर्सकडे जाणाऱ्या गर्दीत माझ्यासारखेच कितीतरी होते. काळा टीशर्ट, सुटलेलं पोट, पिकलेले केस आणि सोबत कॉलेजातली मुलं. आदिलाबादच्या उन्हाला न डगमगणारा मी मुंबईच्या घामानं मात्र अर्ध्या तासात भिजलो.

'वेलकम टू द जंगल' सुरू झालं आणि ड्रमचा ठोका थेट छातीत बसला. लहानपणी दिवाळीच्या दिवसांत गोंडांची दंडारी यायची, मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी नाचायचे, तेव्हा ढोल असेच छातीत वाजायचे. लेक माझ्याकडे बघून हसत होती. मी रडत होतो, हे मला नंतर कळलं.

स्लॅशला बघायला मी खास आसुसलो होतो. १९९६ साली तो बँड सोडून गेला आणि २०१६ साली परत आला. मधल्या २०१२च्या भारत दौऱ्यात तो नव्हता. आता साठीला टेकलेला तो माणूस तीच उंच टोपी घालून उभा होता आणि बोटं तशीच पळत होती.

ॲक्सलचं मात्र तसं नव्हतं. तो त्रेसष्ट वर्षांचा. खालच्या पट्टीत आवाज अजून दमदार, पण वर चढायला गेला की पातळ व्हायचा, कधी फाटायचा. कॅसेटवर ऐकलेली ती किंचाळी आता त्याच्या गळ्यात नव्हती. पहिल्या दोन-तीन गाण्यांत मला वाईट वाटलं. कशाला आला हा, असंही मनात येऊन गेलं.

मग तो पियानोशी बसला आणि 'नोव्हेंबर रेन' सुरू झालं. जवळजवळ नऊ मिनिटांचं गाणं. त्याला दम कमी पडेल अशी एकेक जागा मला ठाऊक होती आणि मी जीव मुठीत धरून वाट बघत होतो. त्या जागा आल्या आणि अख्खं मैदान गायलं. त्याचा आवाज त्या आवाजात मिसळून गेला. त्यानं काही लपवलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. मीही गात होतो, आणि डोळ्यांसमोर कपाटावरचं ते धोतरात गुंडाळलेलं गाठोडं होतं.

घरी परतलो तेव्हा दादा अंगणात बाजेवर बसले होते.

"कसा गायला तुझा तो गोरा?"

"म्हातारा झाला, दादा. वर चढताना आवाज फाटत होता."

"मग लोक उठून गेले?"

"नाही. जिथं त्याचा दम संपला तिथं लोकांनी उचललं."

दादा थोडा वेळ गप्प बसले. "म्हणजे टाळकऱ्यांसारखं," ते म्हणाले.

मी पुढं काही बोललो नाही. शुक्रवारी अपरा एकादशी होती. दुपारी दुकानातून जेवायला आलो तर कपाटावर गाठोडं नव्हतं. दादा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून माझ्या बायकोला सांगत होते, "सूनबाई, मूठभर कणीक भिजव. धुम्याला लावायची आहे."

रात्री मंदिरात ते दोनच अभंगांना बसले. लय धिमी होती. तिसऱ्या कडव्याला हात अडखळला, तेव्हा टाळ जरा मोठे वाजले आणि तेवढ्यात त्यांनी सम गाठली. मी समोर बसून मोबाइलवर सगळं टिपत होतो.

भजन संपल्यावर दादांनी कणीक खरवडून काढली, हात पुसले आणि माझ्या मोबाइलकडे बोट दाखवलं.

"भरलंस का?"

"हो, दादा."

"बरं केलं. या वेळी त्याच्यावर दुसरं काही भरू नको."