नऊ एच

नवी मोटार घरात आली त्याच आठवड्यात चिरंजीव मला रंगाच्या संरक्षणाचा लेप देणाऱ्या दुकानात घेऊन गेले. विक्रेता म्हणाला, "शेठ, सिरॅमिक कोटिंग, ९ एच! हिऱ्याच्या खालोखाल कठीण. ओरखडा उठणारच नाही." भाव २८,००० रुपये.

हिऱ्याचा १० हा अंक मोह्सच्या खनिजश्रेणीतला. ९ एच हे पेन्सिलीचे माप. लेपावर पेन्सिलीने रेघ ओढायची. सर्वांत कठीण पेन्सिलीनेही ओरखडा उठला नाही, तर ९ एच. रस्त्यावरच्या धुळीतील वाळू त्या पेन्सिलीहून कितीतरी कठीण असते आणि वाळलेला लेप मात्र केसाहूनही फार पातळ. जुने ओरखडे 'घालवणे' म्हणजेही यंत्राने घासून वरचा पारदर्शक थर थोडा उतरवणे. तो थर पुन्हा येत नाही. लेपावरून पाणी ओघळते, गाडी धुणे सोपे होते, हे खरे. तेवढेच सांगितले असते, तर कदाचित मी पैसे दिलेही असते.

परतताना चिरंजीव म्हणाले, "अण्णा, आपणही दुकानात 'रंग जन्मात जाणार नाही' म्हणतोच ना?"

म्हणतो खरा. चाळीस वर्षे म्हणत आलो.

दुसऱ्या दिवशी एका बाईंनी लाल साडी उलगडून तोच प्रश्न विचारला. ओठांवर आलेले उत्तर गिळून मी म्हणालो, "पहिल्या एकदोन धुण्यांत थोडा जाईल. वेगळी धुवा."

बाईंनी साडी खाली ठेवली. गल्ल्यावरून चिरंजीव माझ्याकडे पाहत होते.